मोकळा केलेला रस्ता

मी मूळची फोंड्याची असून आता ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधील आइल ऑफ मॅन या बेटावर, डग्लस शहरात राहते. गोव्यात रात्री महामार्गावर दुचाकींच्या शर्यती लावणाऱ्या मुलांवरून पुन्हा वाद पेटला आहे, आणि त्या वादात आमच्या बेटाचे नाव हटकून घेतले जाते. गाड्या जप्त करा, परवाने रद्द करा, असे एका बाजूचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूला माझा भाचा आहे. तो विचारतो, ‘मावशी, तिकडे सरकारच रस्त्यावर शर्यत भरवू देते, मग आम्हीच गुन्हेगार कसे?’

त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे. येथील टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) ही दुचाकींची शर्यत 1907 पासूनची आहे आणि 1911 पासून ती डोंगराला वळसा घालणाऱ्या, सुमारे 60 किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्यावर धावते. एरवी त्याच रस्त्याने मुले शाळेत जातात. त्याच्या कडेला दगडी भिंती, दिव्यांचे खांब आणि लोकांची घरे आहेत. बंदिस्त ट्रॅकवर घसरलेल्या स्वाराला थांबायला जशी मोकळी जागा मिळते, तशी येथे बहुतेक ठिकाणी नाही. 2023 मध्ये पीटर हिकमनने ही फेरी 17 मिनिटांच्या आत, ताशी 219 किलोमीटरच्या सरासरी वेगाने पूर्ण केली.

या मार्गावर आजवर 260 हून अधिक स्वार मरण पावले आहेत. 1972 मध्ये जिल्बर्टो पार्लोत्ती गेला, तेव्हा त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी, म्हणजे त्या काळचा सर्वांत मोठा विजेता, येथे पुन्हा उतरला नाही, आणि 1976 नंतर या शर्यतीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा गेला. शर्यत मात्र चालूच राहिली. 2022 मध्ये सहा स्पर्धकांचा जीव गेला. त्यांत एकाच साइडकारवर स्वार असलेले बाप-लेक होते.

तरीही माणसे येतात, आणि त्यांना वेडे ठरवून मोकळे होणे मला जमत नाही. उत्तर आयर्लंडच्या डनलॉप घराण्यातील जोई 2000 मध्ये, त्याचा भाऊ रॉबर्ट 2008 मध्ये आणि रॉबर्टचा मुलगा विल्यम 2018 मध्ये, असे तिघेही रस्त्यावरच्या शर्यतींतच गेले. रॉबर्टचा दुसरा मुलगा मायकल याने वडिलांच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी, ज्या स्पर्धेत ते गेले त्याच स्पर्धेतील शर्यत जिंकली, आणि 2024 मध्ये काकांचा 26 टीटी विजयांचा विक्रम मागे टाकला. अशा माणसाला धोका समजलेला नाही, असे कोण म्हणेल? दोनशेहून अधिक वळणे पाठ करायला स्वारांना वर्षे लागतात. कुठे झाडाची सावली ओल धरते आणि कुठे चढावर चाक जमीन सोडते, हे सारे त्यांना ठाऊक असते. कुंपणाआड उभी राहून मी ते पाहते तेव्हा भीती वाटते, आणि नजरही हटत नाही. हे आकर्षण खरे आहे आणि त्याचा मला आदर आहे.

पण भाच्याला मी एवढेच विचारते: तुमच्या शर्यतीत समोरून येणाऱ्याला कोणी विचारले आहे का? येथे 1904 मध्ये, मोटारींच्या शर्यतीसाठी, बेटाच्या संसदेने रस्ता बंद करण्याचा कायदा केला, कारण ब्रिटनमध्ये तशी मुभा नव्हती. आजही रस्ता बंद झाल्याशिवाय एकही गाडी सुटत नाही, वळणावळणावर स्वयंसेवक झेंडे घेऊन उभे असतात, हेलिकॉप्टर सज्ज असते, आणि स्वार एकेक करून दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात. मरण आलेच तर ते बहुधा ते पत्करलेल्यालाच येते. आपल्याकडे रात्री अकरा वाजता त्याच रस्त्यावर भाडे सोडून घरी परतणारा पायलट, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाला असतो, कामाची पाळी संपवून निघालेली परिचारिका असते, मधोमध बसलेली गुरे असतात. त्यांनी काहीच पत्करलेले नसते.

मोटार वाहन कायद्याचे 189 वे कलमही राज्य सरकारच्या लेखी संमतीविना होणाऱ्या शर्यतीलाच गुन्हा ठरवते. म्हणजे संमतीची वाट कायद्यात आहे. पण गोव्यात टीटीसारखी शर्यत व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. आपले रस्ते अरुंद, वस्ती दाट, आणि शतकभराच्या अनुभवानंतरही या बेटावर माणसे मरतात. मला हवा आहे तो बंदिस्त ट्रॅक. आज डांबरी ट्रॅकवर गाडी चालवायची तर गोव्यातील मुलाला चेन्नई, कोइम्बतूर यांसारखे दूरचे शहर गाठावे लागते, आणि तेवढा खर्च कामगाराच्या मुलाला परवडत नाही. जप्तीची मागणी करणाऱ्यांनी त्याच निवेदनात या ट्रॅकसाठी जागा, रुग्णवाहिका आणि प्रशिक्षक यांचीही मागणी करावी, आणि ट्रॅक होईपर्यंत भाच्याने महामार्गावरची शर्यत सोडावी, असे मी दोघांनाही कळवले आहे.