जो आधी ओरडेल त्याचं कार्ड आधी? असं नसतं रे बाबा

गेले आठ-दहा दिवस आमच्या म्हापसा-पर्वरीकडच्या मॅजिक (‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ) खेळणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोय, ‘मॅजिकचे पाच गोल्डन रूल’ म्हणून. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो: इन्स्टंट (झटपट टाकायचं स्पेल, म्हणजे मंत्राचं कार्ड) कधीपण टाकता येतं, जो आधी टाकेल त्याचं आधी होतं, क्रीचर (लढणारा प्राणी) मेलं की त्याची ॲबिलिटी (कार्डावर लिहिलेली करामत) मेली, दोघांचे ट्रिगर (काही घडलं की आपोआप सुरू होणाऱ्या ॲबिलिटी) एकदम आले तर ज्याचा टर्न त्याचा आधी, आणि काऊंटरस्पेलनं (समोरच्याचं स्पेल रद्द करणारं कार्ड) कायपण थांबतं. पाचही चुकीचे. पहिल्यात थोडं तरी खरं आहे म्हणून अर्धा मार्क देऊ.

तर पहिलं. ‘कधीपण’ म्हणजे तुझ्याकडे प्रायॉरिटी, म्हणजे काही टाकायचा हक्क, असेल तेव्हा. समोरचा लँड (जमिनीचं कार्ड) टॅप, म्हणजे आडवं, करून मॅना (कार्डं टाकायची ताकद) काढतोय तिथे मध्ये घुसता येत नाही कारण मॅना ॲबिलिटी स्टॅकवर (टाकलेल्या गोष्टी जिथे आपल्या नंबराची वाट बघतात ती चवड) जातच नाही, एखादं स्पेल रिझॉल्व्ह व्हायला, म्हणजे अमलात यायला, लागलं की ते शेवटच्या ओळीपर्यंत होणार, अर्ध्यात ‘थांब थांब’ चालत नाही, आणि अनटॅप स्टेपमध्ये (टर्नच्या सुरुवातीला आडवी कार्डं सरळ करतात तेव्हा) तर कोणालाच प्रायॉरिटी नसते. मला वाटतं हे खूळ जुन्या खेळाडूंकडून आलंय. 1999 ला सिक्स्थ एडिशन आली त्याच्या आधी इंटरप्ट नावाचा एक वेगळाच प्रकार होता, इन्स्टंटपेक्षा फास्ट, तो तेव्हा बंद झाला आणि स्टॅक आला. फोटो बनवणारा बहुतेक तेव्हा जन्मलापण नसेल, पण ऐकीव गोष्ट कुठून कुठे जाते बघा.

दुसरं म्हणजे बरोबर उलटं लिहिलंय. चवथीला पाहुणे जेवून उठले की मोरीत ताटांची चवड लागते ना, धुताना हात आधी वरच्या ताटाला लागतो, स्टॅक तसाच, शेवटी टाकलेलं आधी रिझॉल्व्ह होतं. तुझं ग्रिझली बेअर्स हे अस्वल 2/2 (मारायची ताकद 2, सोसायची 2), मी त्यावर शॉक टाकला, 2 डॅमेज, तू रिस्पॉन्समध्ये जायंट ग्रोथ (+3/+3) टाकलास तर अस्वल आधी 5/5 होतं, मग शॉक लागतो आणि त्याला काही होत नाही. पण तू घाई करून जायंट ग्रोथ आधी टाकलास आणि मी त्याच्यावर शॉक टाकला तर अस्वल मेलं, टार्गेट गेलं, जायंट ग्रोथ फुकट. म्हणजे घाई केलेल्याचंच नुकसान.

आता तिसरं, ह्याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. समजा प्रॉडिगल सॉर्सरर आहे, ज्याला सगळे टिम म्हणतात. तो टॅप केला की 1 डॅमेज. समोरच्यानं टॅप केला, तू लगेच टिमवर लाइटनिंग बोल्ट (3 डॅमेज) टाकलास आणि म्हणालास ‘मेला, डॅमेज कॅन्सल’. नाही ना! नरकासुराच्या रात्री पोरगा फटाका पेटवून फेकतो, मग तुम्ही त्या पोराला कान धरून घरात नेलं तरी फटाका फुटायचा तो फुटतोच. ॲबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की तिचा कार्डाशी संबंध संपला. टिमला मारायचा तर तो आला त्याच टर्नला मारा, तेव्हा समनिंग सिकनेसमुळे त्याला टॅप करता येत नाही.

हां, ग्लोरियस अँथमसारखं कार्ड असेल, जे नुसतं टेबलावर असण्यानं आपल्या सगळ्या क्रीचरना +1/+1 देतं, ते फोडलं की इफेक्ट त्याच क्षणी जातो, बहुतेक तिथूनच हा घोळ झालाय. आणि फेलिडार सॉव्हरिन ह्या मांजराच्या क्रीचरची गंमत वेगळीच. ज्याचं ते कार्ड, त्याच्या अपकीपच्या (टर्नमधला सुरुवातीचा टप्पा) सुरुवातीला त्याचं 40 किंवा जास्त लाइफ असेल तर तो माणूस गेम जिंकतो. ट्रिगर झाल्यावर त्या मांजराला मारून काय उपयोग नाही, तो तरी जिंकणार. पण त्याचं लाइफ 41 असेल आणि तू मांजराचा नाद सोडून बोल्ट थेट त्या माणसाला मारलास तर 38, आणि रिझॉल्व्ह होताना ती ‘40 असेल तर’ वाली अट परत तपासली जाते, म्हणून काहीच होत नाही. एकच बोल्ट, फक्त टार्गेट बदललं.

पाचवं पटकन संपवतो. काऊंटरस्पेलवर काय लिहिलंय ते वाचा, टार्गेट स्पेल. ट्रिगर स्पेल नाही, टिमचं टॅप करणं स्पेल नाही, लँड खेळणं तर स्टॅकवरच येत नाही. आणि क्रोसन ग्रिप समोर आलं तर काऊंटरस्पेल हातातच ठेवा, ते स्प्लिट सेकंडवालं आहे, स्टॅकवर असेपर्यंत कोणालाच स्पेल टाकता येत नाही.

चौथं शेवटी ठेवलं कारण त्यात मी स्वतः सापडलोय. गेल्या रविवारी मावसभावाच्या बलकावात (घरापुढच्या ओसरीत) बसलेलो, धो धो पाऊस, लाइट गेलेली, मोबाइलच्या टॉर्चवर भाजी-पावाच्या पैजेवर खेळ चाललेला. दोघांचं लाइफ 1, दोघांकडे ब्लड आर्टिस्ट. कुठलंपण क्रीचर मेलं की समोरच्याचं 1 लाइफ जातं, आपलं 1 वाढतं. माझ्या टर्नला माझा एक गॉब्लिन मेला, दोघांचे ट्रिगर एकदम. मावसभावानं तोच फोटो काढून दाखवला, ‘तुझा टर्न, तुझं आधी’, आणि मी जिंकलो म्हणून कार्डंपण गोळा केली.

घरी येऊन नियम उघडला, 603.3बी. ज्याचा टर्न त्याचे ट्रिगर स्टॅकवर आधी जातात. आधी *जातात*, म्हणजे खाली राहतात. त्याचा माझ्या वर बसला, म्हणजे त्याचा आधी होणार, मी शून्यावर, माझ्या ट्रिगरचा नंबरच लागत नाही. डाव त्याचा होता आणि त्यानंच तो फोटो दाखवून मला दिला.

फोन करून सांगितलं तर पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही, मग म्हणतो, ‘म्हणजे ती भाजी-पावाची पैज मी जिंकलो काय रे?’ मला भाजी-पाव परत द्यायला लागला, वर दोन मिरची भजी.