एप्रिलच्या हिरवळीपुरता स्टीव्हन्स?

केंट या इंग्लिश कौंटी क्रिकेट संघाचा अष्टपैलू डॅरेन स्टीव्हन्स याच्याविषयी एक मत सतत फिरत असते: एप्रिलमधल्या, मोसमाच्या आरंभीच्या हिरव्या, गोलंदाजांना साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवर संथ मध्यमगती चेंडू टाकून त्याने बळी साठवले, केंटने त्याला मायेपोटी चाळिशीनंतरही सांभाळले, आणि तो इंग्लंडकडून एकदाही खेळला नाही यातच त्याची लायकी दिसते.

खेळपट्टीचा मुद्दा निम्मा खरा आहे, पण ती हिरवळ समोरच्या संघाच्या गोलंदाजांनाही मिळतच होती. स्टीव्हन्सच्या कमी वेगामुळे यष्टिरक्षक पुष्कळदा यष्ट्यांना खेटून उभा राहू शके. मग पुढे सरसावून सीमची (शिवणीवर टप्पा पडून वळणाऱ्या चेंडूची) हालचाल मोडून काढू पाहणाऱ्या फलंदाजाला यष्टिचीत होण्याचा धोका पत्करावा लागे. मे २०२१ मध्ये कँटरबरीला ग्लॅमॉर्गनकडून खेळणाऱ्या, ऑस्ट्रेलियाचा कसोटी फलंदाज असलेल्या मार्नस लाबुशेनला त्याने अवघ्या ११ धावांवर पायचीत केले.

त्याच सामन्यात, आपल्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने १४९ चेंडूंत १५ षटकारांसह १९० धावा कुटल्या होत्या. केंटची अवस्था ८ बाद १२८ असताना मिग्वेल कमिन्सबरोबर त्याने १६६ धावांची भागीदारी केली, आणि तीत कमिन्सचा वाटा होता एका धावेचा! खेळपट्टी हिरवी म्हणून त्याचे बळी स्वस्त ठरवायचे, तर त्याच न्यायाने या धावा महाग ठरवायला हव्यात. ते मात्र कोणी करत नाही.

मायेची गोष्ट तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. २०१९ मध्ये केंट त्याला निरोप देण्याच्या बेतात होते आणि टी-२० स्पर्धेसाठी त्याला डर्बीशायरकडे उसना धाडले होते. सप्टेंबरमध्ये हेडिंग्लीवर यॉर्कशायरविरुद्ध ५ बाद ३९ वरून त्याने २३७ धावा काढल्या, दुसऱ्या डावात २० धावांत ५ बळी घेतले आणि केंट ४३३ धावांनी जिंकले. नवा करार त्याने असा मिळवला.

राहता राहिली इंग्लंडची टोपी, म्हणजे राष्ट्रीय संघातली निवड. लेस्टरशायरमधल्या उमेदीच्या वर्षांत तो प्रामुख्याने फलंदाज होता आणि त्याची गोलंदाजी पिकली ती पस्तिशीच्या आसपास, जेव्हा निवडकर्त्यांची नजर तरुण, वेगवान गोलंदाजांकडे असते. टोपी न मिळण्यातून निवडीचे गणित कळते. तीनशेहून अधिक प्रथमश्रेणी सामन्यांत १६ हजारांवर धावा आणि ५९१ बळी मिळवणाऱ्याची लायकी त्यातून कशी कळणार? २०२२ मध्ये केंटने पुन्हा निरोप ठरवला, तेव्हा एकदिवसीय चषकाच्या उपांत्य सामन्यात हॅम्पशायरविरुद्ध नाबाद ८४ धावा काढून सेहेचाळीस वर्षांच्या स्टीव्हन्सनेच संघाला अंतिम फेरीत नेले. तेव्हा ऑगस्ट संपत आला होता.