‘ॲप्ट अपडेट करू नका’ सांगणाऱ्या मेसेजची पाच कलमं

“लिनक्सवाल्यांनो सावधान! छोटंसं सॉफ्टवेअर टाकायला जाल आणि अख्खी सिस्टिम बदलून बसेल!” असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. उबंटू, डेबियन, मिंट हे लिनक्सचे प्रकार वापरणाऱ्यांना त्यात पाच आज्ञा दिल्या आहेत. (ॲप्ट म्हणजे यांवर सॉफ्टवेअरची पॅकेजं आणून बसवणारं साधन.) ‘ॲप्ट अपडेट’ चालवू नका, त्यानेच सिस्टिम अपग्रेड होते. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ टाळा, ते गुपचूप सगळी जुनी पॅकेजं बदलतं. त्याऐवजी .डेब फाइल (एका पॅकेजची फाइल) उतरवा आणि डीपीकेजीला (ॲप्टच्या खालचं, फाइल प्रत्यक्ष बसवणारं साधन) ‘फोर्स-ऑल’ लावून बसवा. मशीनवरच्या सगळ्या पॅकेजांना ‘होल्ड’ लावा, म्हणजे आहे त्याच आवृत्तीवर अडवून ठेवा. आणि सिक्युरिटी अपडेट कायमचे बंद करा, चालत्या गाड्याला हात लावायचा नसतो.

एरवी मी असलं काही वाचतो आणि सोडून देतो. पण हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, “मामा, आधी फोर्स-ऑल करू की होल्ड?” तिच्या लॅपटॉपवर डेबियन आहे आणि वर्षभराचं प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपवर. म्हणून हे लिहिणं आलं.

पहिलं कलम धादांत खोटं आहे. टर्मिनलमध्ये ‘मॅन ॲप्ट-गेट’ टाइप करा. हे मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) नेहमीच्या डेबियन-उबंटूवर आधीपासून असतं, इंटरनेटही लागत नाही. त्यात लिहिलंय की ‘अपडेट’ पॅकेजांच्या याद्या मूळ स्रोतांशी जुळवून घेतं. बस. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती कुठे मिळते, एवढीच माहिती मशीनवर येते. एकही प्रोग्राम बदलत नाही. रेल्वेचं नवं वेळापत्रक आणलं म्हणून गाडी सुटत नाही. पॅकेजं बदलतात ती ‘अपग्रेड’ने किंवा ‘फुल-अपग्रेड’ने, आणि ती ‘अपडेट’ आपणहून चालवत नाही. उलट ‘अपडेट’ टाळलंत तर तुमच्याकडची यादी शिळी होते. यादीतली आवृत्ती सर्व्हरवरून केव्हाच हटलेली असते, मग इन्स्टॉल करताना ४०४ची, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ची एरर येते. आणि त्या एररला वैतागूनच माणूस पुढच्या कलमांतल्या अघोरी उपायांकडे वळतो.

दुसऱ्या कलमाचं उत्तर तर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ स्वतःच स्क्रीनवर छापतं. काम सुरू होण्याआधी एक ओळ येते: इतकी अपग्रेड होणार, इतकी नवी बसणार, इतकी काढली जाणार, आणि इतकी ‘नॉट अपग्रेडेड’. त्या शेवटच्या आकड्यात अनेकांच्या मशीनवर डझनावारी पॅकेजं असतात. म्हणजे नव्या आवृत्त्या उपलब्ध असूनही ॲप्टने त्यांना हात लावलेला नाही. मॅन पेजही हेच सांगतं: सगळी सिस्टिम अपग्रेड न करता एखाद-दुसरं पॅकेज तेवढं पुढे न्यायचं असेल, तर ‘इन्स्टॉल’ वापरा. हे वाक्य त्या पाचही कलमांना पुरून उरतं.

तरी शंका असेल तर ‘ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचं नाव. ही नुसती रंगीत तालीम असते, प्रत्यक्षात काही घडत नाही, सुडोसुद्धा (ॲडमिनचा अधिकार देणारी कमांड) लागत नाही. जे बसणार त्याच्या ओळी ‘इन्स्ट’ने सुरू होतात, जे निघणार त्याच्या ‘रेम्व्ह’ने. पॅकेजच्या नावापुढे चौकोनी कंसात जुनी आवृत्ती दिसली तर ते आधीपासून मशीनवर आहे आणि आता बदलणार आहे. कंस नाही, म्हणजे नवं येतंय. ‘रेम्व्ह’च्या ओळीत डेस्कटॉपचं किंवा लिबसीचं (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) नाव दिसलं की तिथेच थांबायचं. जाता जाता: ‘नो-अपग्रेड’ नावाचा एक पर्याय आहे आणि लोक तो कवचकुंडलांसारखा सुचवतात. तो फक्त तुम्ही कमांडमध्ये लिहिलेल्या नावांना लागू होतो. त्यांच्यामागून येणाऱ्या लायब्रऱ्यांना (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलींना) तो रोखत नाही.

आता नाइलाजाने मान्य करायचा भाग. मेसेजवाल्याला भीती अगदीच शून्यातून सुचलेली नाही. नव्या सॉफ्टवेअरला एखादी लायब्ररी नवी लागत असेल तर ती पुढे सरकते, आणि तिच्या मागे आणखी दोन-चार. याचा कहर होतो तो सोर्सेसच्या फाइलमध्ये (पॅकेजं कुठून आणायची ते तिच्यात असतं) ‘बुकवर्म’सारख्या, म्हणजे डेबियन १२च्या नावाऐवजी नुसतं ‘स्टेबल’ (त्या वेळची चालू आवृत्ती) लिहिलेलं असतं तेव्हा. ९ ऑगस्ट २०२५ला डेबियन १३ आलं आणि ‘स्टेबल’ म्हणजे काल १२ होतं ते आज १३ झालं. अशा वेळी ‘ॲप्ट अपडेट’ थांबून विचारतं की या रिपॉझिटरीचं (पॅकेजांच्या ऑनलाइन कोठाराचं) नाव बदललंय, मान्य आहे का? लोक न वाचता ‘वाय’ दाबतात. मग साधा एडिटर टाकायला गेलं तरी त्याला नवी लिबसी लागते, आणि तिच्यासोबत अर्धी सिस्टिम १२ची, अर्धी १३ची होऊन बसते. यावर उपाय म्हणजे फाइलमध्ये रिलीजचं नाव लिहिणं. ‘अपडेट’ बंद ठेवून काहीच साधत नाही. उबंटूत आणखी एक मेख आहे: २२.०४पासून ‘ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’ केलं की स्नॅप (उबंटूचा वेगळा पॅकेज-प्रकार) बसतो, आणि स्नॅप आपापले अपडेट होत राहतात. इथे कुरकुर करायला जागा आहे, करा.

आर्च या दुसऱ्या लिनक्सवर तर नियमच उलटा. तिथे यादी ताजी करून एकच पॅकेज टाकणं, म्हणजे ‘पॅकमन -एसवाय’ (पॅकमन हे तिथलं ॲप्ट) आणि पुढे नाव, याला त्यांचं स्वतःचं विकी साफ नकार देतं. अर्धवट अपग्रेडला आधार नाही, करायचं तर सगळं अपग्रेड करा. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठेतरी ऐकलं आणि उबंटूवाल्यांच्या गळ्यात बांधलं.

आणि आता ते तिसरं कलम, ज्याने माझं डोकं फिरलं. डीपीकेजीच्या मॅन पेजमध्ये ‘फोर्स’ पर्यायांजवळ इशारा आहे: हे मुख्यतः तज्ज्ञांसाठी आहेत, परिणाम नीट न समजता वापरले तर तुमची संपूर्ण सिस्टिम मोडू शकते. हे ते साधन बनवणारेच सांगतायत. ‘फोर्स-ऑल’ म्हणजे एकदम सगळे अडसर काढणं. लागणारी लायब्ररी नाही? चालेल. दुसऱ्या पॅकेजशी भांडण आहे? चालेल. दुसऱ्या पॅकेजची फाइल पुसली जातेय? तेही चालेल. वर .डेबमधल्या स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार घेऊन धावतात. ॲप्ट रिपॉझिटरीची सही तपासतं. कुठल्याशा साइटवरून उतरवलेल्या फाइलची सही डीपीकेजी एरवी बघत नाही.

पुढे काय होतं ते बघा. समजा डेबियन १२वर तुम्ही नव्या उबंटूसाठी बनवलेली .डेब ठोकून बसवली. ती बसते. प्रोग्राम उघडायला जाता आणि तो सांगतो, ग्लिबसी (म्हणजे इथली लिबसीच) २.३८ सापडत नाही, कारण डेबियन १२मध्ये २.३६ आहे. मग मेसेजच्याच शिकवणीप्रमाणे तुम्ही नवी लिबसी उतरवून तीही ‘फोर्स-ऑल’ने ढकलता. बॅश, एलएस, सुडो या रोजच्या कमांड, खुद्द डीपीकेजी, सगळं त्या एका लायब्ररीवर उभं असतं. ती वेडीवाकडी बसली तर पुढची कमांड चालेल की नाही याची खात्री नाही, आणि दुरुस्त करायची साधनंही त्याच पडझडीत सापडतात. नशीब बरं असलं आणि एवढं झालं नाही, तरी ॲप्टला त्या क्षणापासून सिस्टिम मोडलेली दिसते. तुम्ही काहीही टाकायला जा, ते ‘अनमेट डिपेंडन्सीज’ म्हणून अडतं आणि ‘फिक्स-ब्रोकन’ चालवा म्हणतं. ते चालवलं की ॲप्ट स्वतःच्या हिशेबाने काही पॅकेजं काढतं, काही आणतं. ज्या नकोशा उलथापालथीच्या भीतीने हा उद्योग केला, ती आता तुम्ही स्वतः बोलावून आणलीत.

.डेब फाइल हातात असेलच आणि ती खात्रीच्या ठिकाणची असेल, तर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ लिहून पुढे डॉट, स्लॅश आणि फाइलचं नाव द्या. ॲप्ट तिला लागणारं सगळं शोधतं आणि काय बदलणार त्याचा हिशेब आधी दाखवतं. जमणार नसेल तर सरळ नाही म्हणतं. तो नकार ऐकायचा असतो. मग फ्लॅटपॅक (प्रोग्राम बसवायची वेगळी पद्धत) बघा, त्याच्या लायब्रऱ्या वेगळ्या राहतात. किंवा त्याच रिलीजचे बॅकपोर्ट्स (त्या रिलीजसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्या) बघा, ते मागितल्याशिवाय स्वतःहून बसत नाहीत.

चौथं कलम, होल्ड. एखाद्या पॅकेजला लावण्यात काहीच गैर नाही. ड्रायव्हरमुळे कर्नल (सिस्टिमचा गाभा) अडवून ठेवायचा असेल तर ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ त्यासाठीच आहे, आणि ‘शोहोल्ड’ने काय काय अडवलंय ते दिसतं. सरसकट सगळ्यांना लावलंत तर पुढचं सॉफ्टवेअर नवी लायब्ररी मागेल त्या दिवशी ॲप्ट हात वर करेल.

पाचव्यात म्हटलंय की सिक्युरिटी अपडेटने आवृत्त्या बदलून सॉफ्टवेअर बिघडतं. डेबियन स्टेबलमध्ये दुरुस्ती शक्यतो जुन्याच आवृत्तीत ठिगळासारखी बसवतात. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधला (इंटरनेटवरचा मजकूर सांकेतिक करणारी लायब्ररी) हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीला आला. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरून वाचता येत होता. डेबियन ७ने ओपनएसएसएल १.०.१-ई हीच आवृत्ती ठेवली आणि तेवढं भोक बुजवलं. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते त्यांची आवृत्तीही तीच राहिली, भोकासकट. तुम्हाला नको आहे ती मोठी उडी, एका रिलीजवरून दुसऱ्यावर जाण्याची. उबंटूत तिचं बटण वेगळं आहे: ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये नव्या आवृत्तीची सूचना ‘नेव्हर’वर ठेवा. सिक्युरिटी अपडेट त्याने बंद होत नाहीत.