पालकांना ट्रेनिंग सांगितलं म्हणजे पालकांचा दोष, हे साफ चूक आहे

व्हॉट्सअपवर फिरतंय की एडीएचडी (मुलाचं लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) वगैरे काही नसतं, आईबापांनी लाडावून ठेवलेलं असतं, म्हणून तर डॉक्टर त्यांनाच ट्रेनिंगला पाठवतात. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण असे आईबाप आधीच स्वतःला दोष देत असतात.

एडीएचडी संस्कार कमी पडल्यामुळे होत नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांत अनुवंशिकतेचा वाटा साधारण 70 ते 80 टक्के निघालाय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची गाइडलाइन 4-5 वर्षांच्या मुलांसाठी औषधाआधी पालकांचं ट्रेनिंग सुचवते, कारण एवढ्या लहान वयात त्याचा उपयोग होतो याचा पुरावा औषधापेक्षा भक्कम आहे.

आणि त्यात शिकवतात काय, तर स्वयंपाकघरातून "आंघोळ कर, दप्तर भर, दूध पी" असं एका दमात ओरडायचं नाही, जवळ जायचं, नजरेला नजर मिळवून एकच काम सांगायचं, आणि ते केलं की तिथल्या तिथे शाबासकी, रात्री बाबा आल्यावर नाही. हे जमायला लागलं की आईबापांचा आत्मविश्वासही वाढतो, घरातली आरडाओरड कमी होते. मूल सहा वर्षांचं झालं की बहुतेकदा औषध आणि शाळेची साथही लागते, तेव्हा असले मेसेज वाचून चालू औषध परस्पर बंद करू नका.