सहा जण, एक मोरी आणि समोर महासागर

कॅरॅव्हॅनचा संडास कोण रिकामा करणार, हे गाडी बुक करण्याआधी ठरवून घ्यावं. भाडं कसं वाटायचं, वरचा पलंग कुणाला, गाणी कुणाच्या फोनवरची, हे मागाहून ठरलं तरी चालतं. मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडला निघणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मात्र महिनाभर चर्चा होते ती चिवडा किती किलो न्यायचा याची. संडासाचा विषय निघाला की सगळ्यांची रेंज जाते.

टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड असा हा २४३ किलोमीटरचा रस्ता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळी-फावड्यांनी डोंगर फोडून तो केला, आणि न परतलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून केला. सात मीटर लांब, सव्वातीन मीटर उंच, पोटात सहा माणसं आणि डोशाचं पीठ घेऊन येणारं वाहन त्यांनी गृहीत धरलं नव्हतं, हे लॉर्न गाव सोडल्यावर पहिल्या चार वळणांत कळतं.

भाड्याने मिळते ती बहुधा सहा बर्थची मोटरहोम. आपण तिला कॅरॅव्हॅनच म्हणतो, म्हणू दे. तिचं एकूण वजन साडेचार टनांच्या आत असतं, म्हणून मोटारीच्या साध्या लायसन्सवर चालते. लायसन्स देणाऱ्याने मागच्या चाकांपलीकडे लोंबणाऱ्या दोन मीटर शेपटीबद्दल काही विचारलेलं नसतं. तुम्ही पार्किंगमधून डावीकडे वळता तेव्हा ती शेपटी उजवीकडे झुलते आणि शेजारच्याचा आरसा घेऊन जाते. म्हणून आधी गाडीची अर्धी लांबी सरळ बाहेर काढायची, मगच वळायचं, आणि एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं. एकानेच. तिघे उतरले की एक ‘येऊ दे’ म्हणतो, एक ‘थांब’ म्हणतो आणि तिसरा व्हिडिओ काढतो. उंचीचा आकडा ड्रायव्हरसमोर चिकटवलेला असतो. कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूत शिरण्याआधी तो वाचावा. छताचं नुकसान विम्यात बहुतेकदा धरत नाहीत.

जायचं टॉर्कीकडून पश्चिमेला. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे समुद्र तुमच्या बाजूला राहतो आणि फोटोसाठी थांबताना समोरची रहदारी कापावी लागत नाही. मागे पाच-सहा गाड्या तुंबल्या की हळू वाहनांसाठी केलेल्या जागेत बाजूला व्हायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. आपल्या लोकांना यात उगाच अपमान वाटतो.

निघताना करायची कामं पाचच, पण रोज सकाळी करायची. गॅस सिलिंडरचा कॉक बंद, छताची खिडकी बंद, फ्रिजची कडी, कपाटांची बटणं, आणि विजेची केबल काढून आत. सहा जणांत प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने बघितलं असेल, म्हणून ही यादी एकाच्याच गळ्यात मारावी. ड्रॉवरचं बटण आत दाबलेलं नसेल तर पहिल्या वळणाला सुऱ्या-चमचे बाहेर येतात. त्याहून वाईट म्हणजे लोणचं. बरणी पडत नाही, फुटत नाही. वळणावळणाला तिरकी होत राहते, झाकणाखालून तेलाची एक बारीक धार निघते, कपाटाच्या कडेने उतरते आणि खालच्या फिकट राखाडी गादीत मुरते. अपोलो बेला पोहोचेपर्यंत तो डाग तळहाताएवढा झालेला असतो आणि अनामत रकमेतून गादी वजा होते. लोणचं न्यायचंच असेल तर झिपच्या दोन पिशव्यांत घालून सिंकच्या भांड्यात ठेवावं.

आता पाणी. टाकी साधारण ऐंशी ते शंभर लिटरची. सहा माणसांना ती दिवसभर पुरवायची, तर ज्याचं बालपण सकाळी साडेसहा ते सात पाणी येणाऱ्या वाड्यात गेलं त्याला पाणीमंत्री करावं. बाकी कुणाला ते जमत नाही. शॉवर दोन मिनिटं चालला तरी बारा-पंधरा लिटर गेले. नळ उघडला की बारा व्होल्टचा पंप घर्र करतो, बंद केला की थांबतो. रात्री सगळे झोपल्यावर पंप मधूनच एकटा घरघरला तर कुठला तरी नळ ठिबकतोय असं समजावं आणि उठावं. नळ पिचकाऱ्या मारत खोकायला लागला की टाकी संपली. पंपाचं बटण लगेच बंद करायचं, कोरडा चालला तर तो जळतो.

वापरलेलं पाणी खालच्या दुसऱ्या टाकीत साठतं. ती भरल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती दिसत नाही. मग एक दिवस सिंकमध्ये भांडी विसळणारा समाधानाने नळ सोडतो आणि न्हाणीच्या तळातून पिवळं पाणी वर यायला लागतं. न्हाणी सगळ्यांत खालच्या पातळीवर असते, टाकी भरली की पाणी तिथूनच बाहेर पडणार. त्या पाण्यात कालच्या वरणाची डाळ ओळखू येते. म्हणून ताट आधी कागदाने पुसून घ्यायचं आणि चहाचा चोथा, भाताची शितं सिंकमध्ये टाकायची नाहीत. खालची नळी अंगठ्याएवढीच जाड असते.

विजेचं गणित त्यामानाने सोपं. दिवे आणि पंप बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह, केटल आणि मिक्सर फक्त कॅरॅव्हॅन पार्कच्या, म्हणजे रात्री गाड्या मुक्कामाला लावतात त्या जागेच्या, विजेच्या खांबाला जोडल्यावर. चटणी वाटायची असेल तर ती खांब असेपर्यंत वाटून घ्या. जोडणी पंधरा अँपियरची असते, म्हणजे सुमारे ३६०० वॉट. चहासाठी केटल आणि कुडकुडणाऱ्या मंडळींसाठी हीटर एकदम लावला की खटका पडतो. केबलचं वेटोळं पूर्ण उलगडून ठेवावं, गुंडाळलेली केबल तापते.

फोडणीबद्दल कडक बोलणं भाग आहे. शेगडीपासून दोन हातांवर धुराचा अलार्म असतो आणि त्याला मोहरी कळत नाही. हिंग पडायच्या आत तो असा कोकलतो की शेजारच्या तंबूतली माणसं चपला हातात घेऊन बाहेर येतात. काही जण त्याला टॉवेल गुंडाळतात. तसं करू नये. सहा माणसं एका बंद डब्यात गॅसशेजारी झोपणार आहेत. त्यापेक्षा पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात जावं. तिथल्या बार्बेक्यूची सपाट लोखंडी पाटी थालीपिठासाठीच केल्यासारखी आहे, एका वेळी सहा बसतात. शाकाहारी मंडळींनी आधी तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरावी. आदल्या दिवशी तिथे काय भाजलं गेलं, ते विचारू नये.

संडासाची पेटी बाहेरच्या दारातून निघते. चाकं, ओढायची दांडी, सगळं विमानात नेतो त्या बॅगेसारखं. फरक वजन उचलल्यावर कळतो. वीसेक लिटर मावतात, आतला लाल दिवा लागला की थोडीच जागा उरलेली असते. क्रम असा: आतली झडप पूर्ण बंद, पेटी बाहेर, ओढत डंप पॉइंटपर्यंत (पार्कमधली पेटी रिकामी करायची जागा), तोटी बाहेरच्या बाजूला फिरवायची, झाकण काढायचं आणि ओतताना अंगठ्याने हवेचं बटण दाबून ठेवायचं. हे बटण राहिलं तर आत हवा जात नाही, पेटी गडगड आवाज करत उचक्या देते आणि प्रत्येक उचकीला थोडं बुटांवर येतं. मग दोनदा विसळून, दोन-तीन लिटर पाणी आणि मापभर रसायन घालून परत. पार्कमधून दहाच्या आत निघावं लागतं, त्यामुळे साडेनऊला तिथे रांग असते. आठला गेलात तर कुणी नसतं. हे काम करणाऱ्याला दिवसभर खिडकीची जागा द्यावी, आणि त्याने केलेल्या विनोदाला हसावं.

झोपायचं म्हणजे जेवणाचं टेबल खाली उतरवून त्यावर गाद्यांचे पाच तुकडे बसवायचे. ते एकाच रचनेत बसतात आणि ती रचना सकाळी फोटो काढून ठेवली नसेल तर रात्री सापडत नाही. टेबलावर झोपणारा सर्वांत शेवटी झोपतो आणि सर्वांत आधी उठतो, म्हणून ही जागा घोरणाऱ्याला द्यावी. इतरांना थोडी आघाडी मिळते. सावलीसाठी गाडीच्या दारासमोर बाहेर ओढलेली ताडपत्री रात्री आणि बाहेर जाताना गुंडाळून ठेवायची. दक्षिणेचा वारा तिचे हात वाकवतो. लॉर्नमधले पांढरे काकाकुवा तिच्याखाली उघडा राहिलेला चिवडा संपवतात, आणि त्यातले शेंगदाणे आधी.

देखाव्याबद्दल थोडं. अपोलो बेनंतर रस्ता ऑटवेच्या जंगलात शिरतो आणि समुद्र बराच वेळ दिसतच नाही. ग्रुपमधला एक जण ‘रस्ता चुकलो’ म्हणतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नये. ट्वेल्व्ह अपोसल्स म्हणजे ‘बारा प्रेषित’, पण समुद्रातले हे सुळके बारा कधीच नव्हते. नऊ होते, २००५ साली एक कोसळला. ‘लंडन ब्रिज’ नावाच्या खडकाची एक कमान १९९० मध्ये पडली तेव्हा पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. सूर्यास्त बघायचाच, पण अंधार पडताना कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून मुक्काम अपोसल्सपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या पोर्ट कॅम्पबेललाच ठेवावा आणि तेवढं अंतर हळू जावं.

परतताना कोलॅकवरून प्रिन्सेस हायवे घ्यावा. रस्ता सरळ, बघायला काही नाही, त्यामुळे खर्चाचा हिशोब इथे निघतो. विंचेल्सी येईपर्यंत आइस्क्रीमचे डॉलर कुणी भरले आणि डिझेल दोनदा कसं मांडलं यावर दोन तट पडलेले असतात. आणि सहाही जणांना सीटबेल्ट सक्तीचा असल्यामुळे रागावून उठून जायला जागा नसते.