एकशे अठ्ठावीस पाय

सगळा घोटाळा माझे नॅपकिन हुकल्यामुळे झाला.

लेकीच्या प्रीस्कूलमध्ये हॅलोविनची पार्टी होती. कोणी काय आणायचं याची यादी बाईंनी सकाळी सात वाजता ऑनलाइन टाकली. न्यू जर्सीतले पालक या खेळात मुरलेले आहेत. कागदी नॅपकिन, ज्यूसचे डबे, पेले सगळं पाच मिनिटांत संपलं. मी दात घासून येईपर्यंत एकच ओळ रिकामी उरली होती: 'क्राफ्ट टेबल. सोपी कागदी हस्तकला. मुलं १६, वय वर्षं चार.'

"घे की," बायको म्हणाली. "सोपं लिहिलंय."

'सोपं' हा शब्द पाककृतीत आणि हस्तकलेत एकाच अर्थाने वापरतात. सांगणाऱ्याला सोपं.

रात्री व्हिडिओ बघायला बसलो. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीला पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून ममी करतात, ती मला जमण्यासारखी वाटली. पण आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. ती पाठीमागून म्हणाली, "संडासातल्या नळ्या पोरांच्या हातात देणार?" ममी बाद. कागदी भुतंही बाद झाली, कारण २०२४ साली इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी, ३१ ऑक्टोबरला आले होते, आणि त्या आठवड्यात घरात भूत कापायचं नाही असा हुकूम निघाला. राहिला कोळी. काळी कागदी ताटली, घड्या घातलेल्या आठ पट्ट्यांचे पाय, वर दोन हलणारे प्लास्टिकचे डोळे. व्हिडिओतल्या बाईने चाळीस सेकंदांत केला. या बायकांचे फक्त हात दिसतात. चेहरा का दाखवत नाहीत ते मला पुढे कळलं.

कोळ्यावरही आईची नाराजी होतीच. तिने चार दिवस काठीला झाडू बांधून घरातली जळमटं काढली होती, आणि समोरचे शेजारी त्याच वेळी पिशवीतून पांढरं कापसासारखं जाळं काढून कुंपणावर ताणत होते.

"विकत आणतात?"

"हो."

"आणि वर तू कोळी करणार."

सोळा मुलं, प्रत्येकी आठ पाय. १२८. मी हा गुणाकार कागद विकत आणल्यावर केला. बारा इंच लांब आणि नऊ इंच रुंद कागदातून इंचाच्या नऊ पट्ट्या निघतात, म्हणजे पंधरा काळे कागद. कापायला तासभर लागला. मधेच विचार करताना मी कात्री नुसतीच वाजवली, तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "रिकामी कात्री वाजवू नकोस, भांडणं होतात!" भांडण तिथल्या तिथे झालं, कारण चकलीची भाजणी भिजवायला ज्या टेबलाची गरज होती, त्यावर माझे पाय पसरले होते.

खरी मेख घड्यांत आहे. एक घडी पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. पहिला पाय मला छान जमला. नवव्या पायापर्यंत घड्या तिरक्या होऊन पाय गोल फिरायला लागला. विसावा पाय फाटला. आईने पिठाचे हात धुतले, शेजारी बसली आणि एक पट्टी उचलली.

"अरे, या तर निऱ्या."

पन्नास वर्षं रोज सकाळी निऱ्या घातलेला हात तो. बोटं आपोआप चालत होती, आणि ती टीव्ही बघत होती. मी एक पाय करेपर्यंत तिचे पाच होत. शेवटी तिने माझा ढीग तपासला, त्यातले अकरा बाजूला काढले आणि काही न बोलता पुन्हा घातले.

मला उगाच आयरिश लोकांचा हेवा वाटला. हॅलोविन अमेरिकेत आणला तो मुख्यतः त्यांनी आणि स्कॉटिश लोकांनी. तिकडे असताना ते सलगम कोरून त्यात दिवा लावत. सलगम केवढा, त्याचा आतला गर किती घट्ट! इकडे आले तर समोर भोपळा. मोठा, आतून पोकळ, कोरायला हलका. त्यांनी लगेच सलगम सोडला. परदेशात आल्यावर सण सोपा करून घेणारी शहाणी माणसं ती. आणि मी रात्री साडेअकराला कोळ्याला निऱ्या घालत होतो.

बुधवारी, तीस तारखेला, पार्टी झाली. मुलांना काहीतरी कापायला मिळालं पाहिजे असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून पांढऱ्या कागदाचे दात त्यांनी कापायचे असं ठरवलं. एका मुलाच्या कात्रीत कागद कापलाच जाईना. पात्यांच्या मधे तो नुसता दुमडत होता. कात्री चिकटली असेल म्हणून मी ती पुसून दिली, बदलून दिली. पोरगा शांतपणे माझ्याकडे बघत राहिला. बाई आल्या, वेगळ्या रंगाच्या मुठीची कात्री त्याच्या हातात दिली आणि गेल्या. तो डावखुरा होता. हे त्याला माहीत होतं, सगळ्या वर्गाला माहीत होतं.

गोंदाच्या कांड्या पूर्ण फिरवून बाहेर काढून मोडण्यात पाच मिनिटं गेली. एकाने व्हिडिओतल्या बाईसारखा चाळीस सेकंदांत कोळी पूर्ण केला. आठही पाय एकाच बाजूला. "तो पळतोय," म्हणाला. यावर काय बोलणार?

मग ठिपक्यांचे पंख लावलेली एक मुलगी म्हणाली, "कोळ्याला आठ डोळे असतात."

बहुतेक कोळ्यांना असतात, हे बाईंनी दुजोरा दिल्यावर कळलं. म्हणजे पुन्हा १२८. माझ्या पाकिटात शंभर. चार वर्षांच्या मुलांना भागाकार येत नाही, पण शेजाऱ्याकडे एक डोळा जास्त आहे हे लांबून दिसतं. सहा-सहा वाटून चार उरले, आणि त्या चारांवरून जे रडणं सुरू झालं ते बाईंनी कपाटातून पांढऱ्या गोल स्टिकरची गुंडाळी काढल्यावर थांबलं. मी सरळ खाली बसलो. ती खुर्ची एक फूट उंच होती.

आमच्या कन्येच्या कोळ्याला तीन पाय होते. बाकीचे तिने मैत्रिणींना वाटून टाकले होते.

"बाबा, हा स्पायडर नाहीये," ती गाडीत म्हणाली. "ही आजी आहे. हे बघ, साडी."

लक्ष्मी ज्या दारातून येणार तिथे कोळी लागणार नाही, हे आईने आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं. पण आजीला दाराबाहेर ठेवणार कोण? आईने ताटली हातात घेतली, चष्मा वर करून तिन्ही पायांच्या घड्या पाहिल्या, एक दाबून नीट केली आणि स्वतःच आकाशकंदिलाखाली दोऱ्याने टांगली.

गुरुवारी संध्याकाळी पूजा आटोपली, आरती झाली, रांगोळीजवळ पणत्या लागल्या. आम्ही प्रसाद वाटतोय तोवर घंटा वाजली. चॉकलेटचा वाडगा घेऊन आईच पुढे गेली. दारात काळ्या कपड्यांवर पांढरी हाडं रंगवलेला सहा-सात वर्षांचा सांगाडा पिशवी पसरून उभा होता.

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगं बाई, किती वाळलायस रे बाळा," म्हणाली, आणि आणखी एक मूठ त्याच्या पिशवीत टाकली.