शंका काढू नका, काढा घ्या

पुढची साथ कधी येईल ते कुणी सांगावं! पण ती आली की चार दिवसांत तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिच्यावरचं औषध येणार, हे नक्की. ते तुम्हीच टाकलंत तर मान तुमचा. तेव्हा आत्तापासून तयारीला लागा.

एमबीबीएस असो की बीएएमएस, साडेपाच वर्षं घासावी लागतात. तुम्हाला एक पातेलं पुरे. तुळस, सुंठ, दालचिनी, मिरी, मनुका. २०२० च्या टाळेबंदीत आयुष मंत्रालयानंच हा काढा सुचवला होता, 'दिवसातून एक-दोनदा'. त्याच पत्रकात, हा कोविडवरचा उपचार असल्याचा आमचा दावा नाही, असंही एक वाक्य होतं. पुढे पाठवताना ते वाक्य तेवढं कापा. आणि एक-दोनदा कशाला? फुकटची मिरी घशाखाली जाते आहे तोवर जाऊ द्या. पोटात जाळ झाला तर म्हणा, "विषाणू मरतोय."

काढ्यानं भागत नसेल तर गुळवेल. कुंपणावर हृदयाच्या आकाराच्या पानांचा जो वेल दिसेल तो गुळवेलच, असं समजून चाला. तसाच दिसणारा तिचा एक भाऊबंदही असतो, पण भाऊबंदांत भेद करणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. सगळ्यांनी आधी गुळवेल घेतली होती. त्यावर मंत्रालयानं सांगितलं, तो दुसराच वेल असू शकतो. म्हणजे औषध निर्दोष, ओळखणाऱ्याचा डोळा सदोष. हे वाक्य पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडतं.

कुणी पुरावा मागितलाच तर बेधडक चीनचं नाव घ्या. तिथल्या शास्त्रज्ञ तू यूयू बाईंना २०१५ मध्ये नोबेल मिळालं ते जुन्या ग्रंथातल्या वनस्पतीमुळेच ना? मिळालं. मात्र पुढची गोष्ट सांगू नका. ती अशी, की बाईंनी शेकडो जुने पाठ चाळले, उंदरांवर चाचण्या घेतल्या, आणि वनस्पती उकळली की गुण हाती लागेना. चौथ्या शतकातल्या गे होंग नावाच्या वैद्याच्या ग्रंथात ती नुसती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. तिथून त्यांना सुचलं, की उष्णतेनं औषधच नासत असावं. मग त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, आणि रुग्णाला देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला. इतका उपद्व्याप, तोही हिवतापासाठी! आपण सगळं निम्मं होईपर्यंत उकळतो, तेही नेमका आजार कोणता ते कळायच्या आत. मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल २०२० मध्ये त्याच जातीच्या वनस्पतीचं पेय कोविडवर म्हणून कॅमेऱ्यासमोर प्यायलं. उंदीर नाही, ईथर नाही, नुसती बाटली. याला म्हणतात धडाडी.

चाचणीच्या भानगडीत पडलं की काय होतं ते कोल्चिसिन या वनस्पतीतून मिळणाऱ्या औषधाला विचारा. आपल्या कळलावीतही असतं ते. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत कोविडचे अकरा हजारांवर रुग्ण घेतले, निम्म्यांना हे औषध दिलं, निम्म्यांना नाही, आणि मार्च २०२१ मध्ये जाहीर करून टाकलं की मृत्यू कमी होत नाहीत. चांगलं चाललेलं औषध मोजून मोजून घालवलं! तुमच्या काढ्यावर ही वेळ येऊ देऊ नका. बरा झालेला शेजारी हाच पुरावा माना. कोविड झालेले बहुतेक लोक तसेही बरे होत होते, हा हिशेब त्याच्यासमोर काढू नका. बिचाऱ्यानं महिनाभर कडू प्यायलंय.

कापराची पुरचुंडी मात्र विसरू नका. २०२१ मध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर मिळत नव्हते तेव्हा कापूर, लवंग, ओवा रुमालात बांधून हुंगायचा संदेश घरोघर फिरत होता. हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटायचं. बोटावरचा ऑक्सिमीटर काय दाखवतो ते तेवढं बघायचं नाही.

आणि लस? ती टोचून घेणाऱ्यांकडे दयेनं बघा. "आम्ही नैसर्गिकच घेतो" म्हणा. पुण्यात तयार झालेल्या कोव्होवॅक्स लशीत, तिचा परिणाम वाढवण्यासाठी, चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून शुद्ध केलेली द्रव्यं असतात. रिठ्यासारखा फेस येणारी साल. म्हणजे अख्ख्या साथीतलं एक वनस्पतिजन्य औषध सुईतून दंडात जात होतं आणि आपण बाही खाली ओढून पातेलं ढवळत होतो. पण हे ग्रुपवर टाकू नका हं. उद्या सकाळी कुणीतरी रिठे उकळायला ठेवेल.